पक्के आणि कच्चे

वर्गातलं एकही पोर गणितात मागं राहता कामा नये, असं बद्रीनाथ सरांच्या मनानं घेतलं आणि तिथूनच पोरांचे हाल सुरू झाले.

चितेगावच्या अलीकडं, पैठण रस्त्याला, आप्पासाहेबांच्या संस्थेची शाळा. तिथं नववीची निम्मी पोरं दरसाल गणितात बुडायची. सरांनी उन्हाळाभर डोकं खाजवून एक योजना काढली. एका बाकावर एक पक्का आणि एक कच्चा. पक्क्यानं कच्च्याला शिकवायचं आणि चाचणीत दोघांपैकी ज्याला कमी गुण पडतील, त्याचेच दोघांना द्यायचे. "म्हणजे पक्का कच्च्याला वर ओढणारच," सर शिक्षकांच्या खोलीत सांगायचे. "न ओढून जातो कुठं?"

ओढाओढ सुरू झाली. टपल्या, चिमटे, कंपासच्या टोकानं टोचणं. लांबून सरांना ते सहकार्य दिसायचं.

पहिल्या चाचणीत खुद्द आप्पासाहेबांच्या नातवाला, रामकिसनला, पंचवीसपैकी चार गुण पडले, कारण त्याच्या बाकावर बन्सी होता. आप्पासाहेब शाळेत आले. चहा समोर ठेवला, त्याला हात लावला नाही.

"बद्रीनाथ, आमचं पोरगं चार गुणांचं हाय व्हय?"

"नाही साहेब, ते बन्सीचे आहेत."

"मंग बन्सीचे बन्सीला द्या की. आमच्या घरात कशाला धाडता?"

सरांनी जागच्या जागी योजनेत सुधारणा केली. जोडीदार गैरहजर असला, तर पक्क्याला स्वतःचेच गुण मिळतील. आजारपण काय सांगून येतं? आप्पासाहेबांनी चहा घेतला.

पुढच्या चाचणीला निम्मे कच्चे तापानं आजारी पडले. कुणी आपणहून, कुणी पक्क्यांच्या आग्रहाखातर. वर्गाची सरासरी अशी वाढली की सरांनी रंगीत खडूनं तिचा आलेख काढून भिंतीला लावला. साथ कसली आहे, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. ते गणिताचे शिक्षक होते, वैद्य थोडेच होते.

बन्सीची आई चतुराबाई कंपनीच्या कँटीनात पोळ्या लाटायची. एका दुपारी ती पदराला पीठ तसंच घेऊन शाळेत आली.

"सर, ह्याचा मामा लासूर स्टेशनला हमाल हाय. वार्षिकला गणितात गेला की मामा ह्याला आडतीवर नेणार, पोती उचलाय. घरात तसंच ठरलंय. पोराचं हाड कवळं हाय वो अजून. काठावर तरी काढा त्याला."

सर विरघळले. मधल्या सुट्टीत त्यांनी बन्सीला समोर बसवलं. पोराला आकडेमोड येत होती. टक्के दिसले की तो दिसेल त्या आकड्याचे काढायचा, एवढंच.

"आधी स्वतःला विचार, कशाचे टक्के?"

बन्सीनं वहीतलं उत्तर खोडलं. "म्हंजे मघाचे टक्के अन् आत्ताचे टक्के येगळे?"

"वेगळे."

"मंग हे आधी सांगायचं ना, सर!"

त्यानंतर त्याचं एकही गणित चुकेना. पण योजनेत शिक्षकानं शिकवणं बसत नव्हतं, म्हणून सरांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. रामकिसनलाही नाही.

वार्षिक तोंडी परीक्षेला जिल्ह्याहून एक साहेब आले. योजना पसंत पडली तर ते ती सगळ्या शाळांना लावणार होते. सरांनी हजेरी घेतली. बन्सी नाही. आत्ताच तर तो नळावर तोंड धूत होता.

"कुठं आहे रे तुझा जोडीदार?"

"ताप आलाय त्याला," रामकिसन छताकडं बघत म्हणाला.

पलीकडच्या खोलीत, जिथं सतरंज्या आणि लेझीम ठेवत, दारावर धपाधप थापा पडल्या. मध्ये नुसती एक भिंत. सर उठू लागले. पण साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. सर बसले.

"सांग बाळा," साहेब रामकिसनला म्हणाले. "दुकानदारानं किंमत पंचवीस टक्क्यांनी वाढवली आणि वाढलेल्या किमतीवर वीस टक्के सूट दिली. नफा की तोटा?"

"नफा. पाच टक्के."

थापा थांबल्या. भिंतीपलीकडून आवाज आला, "नफा बी नाय, तोटा बी नाय! वीस टक्के वाढल्याल्या किमतीचे हायती!"

साहेबांनी मान वळवली. "हे कोण?"

सरांनी हजेरीपट मिटला. "शेजारी सातवीचा वर्ग आहे, साहेब."

"सातवीचा? अहो, बद्रीनाथ, तुमची योजना भिंतीतूनसुद्धा झिरपते की!" साहेबांनी शेरा लिहिला आणि रामकिसनच्या पाठीवरही थाप मारली. इतक्या जवळचं उत्तर हल्ली कोण देतं?

साहेबांची जीप फाटकाबाहेर गेल्यावर सरांनी कडी काढली. बन्सी घामानं निथळत होता.

"बरूबर व्हतं ना, सर?"

"बरोबर होतं."

"मंग मी पास?"

"तू गैरहजर होतास, बन्सी."

"मी? मी तर हितंच व्हतो!"

"वर्गात नव्हतास. नियम सगळ्यांना सारखा असतो, बाळ."

"पुन्यांदा घ्या की परीक्षा. आत्ता घ्या."

पुन्हा घ्यायची म्हणजे कडी कुणी लावली, ते आप्पासाहेबांना सांगणं आलं. सरांनी शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसला. "ताप आला होता म्हणून सांग घरी."

निकालाच्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं : परीक्षेस बसलेले सर्व उत्तीर्ण. फाटकाशी मामा उभा होता. चतुराबाईनं बन्सीच्या पाठीत धपाटा घातला.

"परीक्षेच्या दिशी डबा घेऊन निघाला व्हता मुडदा! कुठं उंडारत व्हता रं? सर, तुमी दुपारची भाकर सोडून शिकवलं ह्याला. ह्यानं तुमची बी लाज राखली नाय."

बन्सीनं सरांकडं पाहिलं. रडला नाही, नुसता वाट बघत उभा राहिला.

"जाऊ द्या, बाई," सर हळुवारपणे म्हणाले. "सगळ्यांनाच गणित जमतं असं नाही."

मामानं बन्सीचे दोन्ही खांदे दाबून पाहिले. "चालंल," तो म्हणाला आणि त्याला घेऊन एस्टीकडं निघाला.