मला डोळे नाहीत, हे बरंच आहे

मी चुंबक बोलतोय. बिस्किटाएवढा गोल, मधे भोक, एका कडेचा टवका उडालेला. डोळे असलेल्यांइतकी फसणारी जात मी दुसरी पाहिली नाही. पाहिली नाही म्हणजे खरंच पाहिली नाही, कारण मला डोळेच नाहीत. मी हात लावून ओळखतो. लोखंड असेल तर चिकटतो, नसेल तर सोडून देतो. तुमचं मात्र उलट असतं. जे चकाकतं त्याला तुम्ही चिकटता आणि मग जन्मभर सुटता सुटत नाही.

माझं बालपण एका लाउडस्पीकरच्या पोटात गेलं. पुढाऱ्यांची भाषणं, उद्घाटनं, हरवलेल्या माणसांच्या सूचना, सगळं माझ्या अंगावरून गेलं. जो जितका जोरात ओरडतो तितका आत पोकळ असतो, हे मी तिथं शिकलो. मग स्पीकरचा कागद फाटला आणि दुरुस्तीवाल्यानं मला उपटून शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना देऊन टाकलं.

शाळेत मी दोन वर्षं काढली, तीही प्रयोगशाळेच्या खणात. उत्तर आणि दक्षिण एवढं शिकलो. पूर्व-पश्चिमेचा धडा यायच्या आधीच पोरांनी मला पाडलं आणि टवका उडाला. त्यामुळे माझं शिक्षण निम्मंच राहिलं. पण ज्यांचं पूर्ण झालंय त्यांचं काय झालं तेही ऐकून आहे, म्हणून फार वाईट वाटत नाही.

विज्ञानाच्या मास्तरांनी एकदा पँट सैल करायला टाकली आणि मी खिशात तसाच राहिलो. अशा रीतीनं मी एका मास्तराच्या खिशातून दुसऱ्या मास्तराच्या दुकानात आलो. हे दुसरे म्हणजे टेलर मास्तर. पहिल्यांनी मला परत मागितलं नाही आणि दुसऱ्यांनी परत दिलं नाही. दोघंही प्रामाणिक म्हणून प्रसिद्ध होते.

टेलरच्या दुकानात माझं काम म्हणजे खाली पडलेल्या सुया-टाचण्या गोळा करणं. मी ते केलं, पण माझ्या पद्धतीनं. ऐन घाईत मास्तरांची कात्री धरून ठेवायची, गिऱ्हाइकाच्या पट्ट्याच्या बकलाला जाऊन चिकटायचं, बॉबिनच्या डबीला मिठी मारून आठवडाभर लपायचं. लोक काय एकेक नमुने यायचे. माप देताना श्वास कोंडून पोट आत ओढायचे आणि महिन्यानं कपडा घट्ट झाला म्हणून मास्तरांशी भांडायचे. मास्तरही काही कमी नव्हते. पावसाळ्यात शिवायला टाकलेला कोट, हिवाळा आला तरी ते "परवा न्या" म्हणायचे.

अशी चाळीसेक वर्षं गेली आणि मास्तरांचा उजवा गुडघा कामातून गेला. ऑपरेशन झालं. पायमशीन चालवायची नाही आणि चार महिने प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून मास्तर दिवसभर दुकानात बसून मोबाइल बघायला लागले. रिकामं मन आणि भरलेला मोबाइल एकत्र आले की घर धुपायला वेळ लागत नाही.

एका दुपारी त्यांनी मास्तरीणबाईंना हाक मारली.

"अगं, ही गाडी बघ. जुनी आहे, पण पहिल्यासारखी करून विकायला ठेवलीय."

"बघितली. पुढं?"

"हा ड्रायव्हरच्या सीटचा डावा कोपरा बघ. दुहेरी टीप आहे ना? ती माझी आहे."

"कशावरून?"

"उस्तादांकडे शिकत होतो तेव्हा या गाडीची कव्हरं आमच्याकडे आली होती. कोपऱ्यावर सुई मोडली आणि अर्धी आतच राहिली. मी भीतीनं वरून दुसरी टीप घालून टाकली. आजवर कुणाला सांगितलं नाही."

"समोरची मिठाची बरणी तुम्हाला सापडत नाही, आणि फोटोत तेव्हाची टीप दिसते होय?"

मास्तर हसले नाहीत. पाय चालत नाही तर आता चाकं घेऊ, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यासाठी मशीन आणि दुकानाचा गाळा, दोन्ही विकायची तयारी होती. शेजारचा चष्मेवाला गाळ्यावर टपूनच होता. जगाला नीट दिसावं म्हणून दुकान थाटलेला माणूस, पण त्याला फक्त आमची भिंत दिसायची.

गाडी दोन दिवसांच्या वाटेवर होती. विकणारा गॅरेजवाला रोज फोन करायचा आणि मास्तर फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकवायचे.

"मास्तर, सगळा ओरिजिनल पत्रा आहे. डोळे मिटून घ्या. पण रविवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय, तेव्हा शनिवारपर्यंत इसार पाठवा."

तो आवाज मी लगेच ओळखला. असले हजार आवाज माझ्या पोटावरून गेलेत. जो डोळे मिटायला सांगतो त्याचे स्वतःचे सताड उघडे असतात. पण आमचे मास्तर विरघळले. दुरून डोंगर साजरे, आणि हा डोंगर तर पॉलिश केलेला.

मास्तरीणबाई पत्र्याचे डबे करणाऱ्याची लेक. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी मला कात्रीवरून सोडवलं, जुन्या शर्टाच्या बाहीत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "माझी मावशी त्याच गावात राहते. हा तिकडे जाईल. पत्रा असेल तर चिकटेल. चिकटला तर मी स्वतः गाळ्याच्या कागदावर सही करते."

"आणि नाही चिकटला तर?"

"तर चष्मेवाल्याला सांगा, दुसरी भिंत बघ म्हणावं."

मास्तर कबूल झाले. माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर फार भरवसा असला की तो अशा पैजा आनंदानं लावतो.

मी कुरियरनं निघालो. वाटेत शेजारच्या पार्सलमधल्या कुणाच्या तरी सुऱ्या-चमच्यांना दोन दिवस घट्ट धरून ठेवलं. उतरवणाऱ्याला दोन्ही खोकी एकमेकांपासून ओढून काढावी लागली. त्यानं शिवी दिली, मला बरं वाटलं.

मावशी म्हणजे जन्मभर तिकिटाच्या खिडकीत बसलेली बाई. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्यांना, पोराचं वय कमी सांगणाऱ्यांना, सगळ्यांना तिनं जाळीतून ओळखलेलं. शनिवारी सकाळीच मला हातरुमालात घेऊन ती गॅरेजमध्ये उभी राहिली.

"बाळा, आमच्या जावईबापूंसाठी गाडी बघायला आलेय. माझी नजर अधू आहे, तेव्हा हात लावून बघते हं."

"बघा ना आजी. आरसा आहे आरसा."

तिनं मला बॉनेटवर ठेवलं. मी घसरलो. दारावर टेकवलं, पडलो. दुसऱ्या दारावर पडलो, मागच्या दारावर पडलो, मडगार्डवरून तर घसरगुंडीसारखा थेट तिच्या चपलेवर आलो. टपावर तिनं बोट वाजवलं तर टण्ण न होता ठप झालं, पिठाच्या पोत्यावर थापट मारावी तसं. पत्रा कधीच गंजून गेला होता आणि त्याच्या जागी बोटभर जाड पुट्टी लिंपून वर रंग मारला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा. अख्ख्या गाडीत मी चिकटलो तो फक्त बंपरला, आणि तो दुसऱ्याच गाडीचा होता हे नंतर कळलं.

"पॉलिश ताजं आहे आजी, म्हणून घसरतंय," गॅरेजवाला म्हणाला.

"घासूनपुसून ठेवलेल्या कपाटाला तर हा चिकटतो. घरून बघून आलेय मी."

"मग रंग जाड असेल. सात हात दिलेत रंगाचे."

"रंगाचे सात, आणि पत्र्याचा एकही नाही."

मावशीनं मास्तरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो आवाज मी चाळीस वर्षं ऐकलाय. मापात कापड कमी भरलं की मास्तर ती अशीच ठेवतात.

आता खरं सांगतो. खोड्या मी शंभर केल्या, पण खोटं एकदाही बोललो नाही. जमतच नाही, शिक्षण कमी पडलं. त्या क्षणाला मात्र वाटलं की एखादं दार तरी धरायला हवं होतं. असले विचार मला सहसा येत नाहीत. प्रवासाचा शीण असेल.

पाय दुखले म्हणून मावशी ड्रायव्हरच्या सीटवर टेकली आणि मला तिनं बाजूला, सीटच्या पाठीच्या कोपऱ्यावर टेकवलं. मी पडलो नाही.

"स्प्रिंग असते आत," गॅरेजवाला घाईनं म्हणाला.

स्प्रिंग मला कळते. ती खोलवरून हाक मारते. हे लोखंड रेक्झिनच्या लगेच खाली होतं, कानाला लागून बोलावं तसं. मावशीनं नखानं शिवण चाचपली, केसांतला आकडा काढून जरा उसवली, आणि एक गंजकं टोक सरळ माझ्या अंगावर आलं.

"जावईबापू, ऐकताय ना? अर्धी सुई निघाली."

"कुठल्या कोपऱ्यातून?" मास्तरांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"डाव्या. दुहेरी टिपेखालून."

मास्तर म्हणाले, "मावशी, गाडी नको. सीट सुटी देतो का विचारा त्याला."

गॅरेजवाला उसळला. "सीट काढली तर गाडीत ओरिजिनल काय राहिलं?"

"तेच सकाळपासून विचारतेय मी," मावशी म्हणाली.

मग तिनं त्याला गोड आवाजात समजावलं की घरी तिला काही काम नसतं, उद्या रविवारी ती डबा घेऊन इथंच येऊन बसेल आणि तुझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही हा चुंबक खेळायला देईल. अर्ध्या तासात त्यानं स्वतःच्या हातानं बोल्ट सोडले.

सीट घरी आली, मी सीटला बांधून आलो आणि सुई मला चिकटून आली. मास्तरांनी ती उसवलेली टीप दुकानात बसून स्वतः घातली. मास्तरीणबाईंनी बाजारातून मशीनला लावायची छोटी मोटार आणली, डाव्या पायानं दाबायच्या पायडलसकट. सीट दोन खोक्यांवर चढवून मशीनसमोर ठेवली.

आता मास्तर रोज सकाळी ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, पायडल दाबतात आणि मोटार चालवतात. चाक मशीनला आहेच. चष्मेवाला दारातून डोकावतो, मान हलवतो आणि जातो. त्याच्याही डोळ्यांना काही कळलेलं नाही. कोट अजून परवाच मिळतात.

माझं आता वय झालंय, ओढ कमी झालीय. कुणी न बघता काही घ्यायला निघालं असेल तर मला जरूर मागून न्या. बघून घेणार असाल तर जास्तच गरज लागेल. फक्त परत आणून द्या, आणि मशीनच्या मानेवर, हल्ली असतो तिथंच लावा. गिऱ्हाईक आलं की मास्तर ती अर्धी सुई दाखवायला मागतात आणि माझ्या अंगावरून ओढून बघतात. एवढीच एक खोडी मी अजून मनापासून करतो. देत नाही.