वाडगा भरणारे हात

मी एक जुनी, पिवळी, जागोजागी पोचे पडलेली किटली आहे. मित्रांनो, जरा लांब बसूनच ऐका, आणि माझ्या तोटीशी नाक आणू नका. मागच्या आठवड्यात शेजारच्या एका मुलीनं आणलं होतं. "ई ऽ ऽ!" करून जी पळाली ती अंगणाबाहेर जाऊनच थांबली. मला तिचा राग आला नाही. मला स्वतःलाच माझ्या वासाची किळस येते, तिथं त्या पोरीला काय बोलायचं?

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते, हे मात्र आधीच सांगते. कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा दाबून माझं पोट काढलं, तोटी जोडली आणि वरून सोन्यासारखा पिवळा मुलामा चढवला. बाजारात दोरीला लटकत होते, तेव्हा ओक-बुन नावाच्या नव्या नवरीनं मला टिचकी मारून वाजवून पाहिलं आणि खुशीत घरी नेलं. तिचं सासर समुद्राजवळच्या, लसणाच्या शेतांच्या गावात होतं. तिथं मी रोज सकाळी चुलीवर बसायचे आणि माझ्यात भाजलेल्या जवाचा चहा उकळायचा. काय छान वास होता तो! दोन वर्षं मी सुखात होते. तेवढीच.

तिसऱ्या वर्षी लसूण काढायचे दिवस होते. ओक-बुनचा नवरा ब्योंग-दो हा घरातला थोरला. अंगानं दांडगा, मनानं दिलदार आणि घसा कायम कोरडा. त्या दिवशी शेतावर माक्कॉलीचा, म्हणजे तांदळाच्या पांढऱ्या गढूळ दारूचा, मोठा कॅन आला आणि वाढायला भांडं सापडेना. ब्योंग-दोनं माझं झाकण काढलं, आतला चहा बांधावर भसकन ओतून दिला आणि मला गळ्यापर्यंत दारूनं भरलं. "वा! किटलीतली चव काही औरच!" सगळे म्हणाले. माझं एवढं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं. मीही वेडी, फुशारून गेले.

पुढं काय काय सोसलं ते ऐका. तळाशी साचलेला तो पांढरा चिकट गाळ, त्यात बुडून मेलेल्या माशा, मातीच्या बोटांनी ढवळणं. एक जण वाडगा रिकामा करायचा आणि तोच वाडगा प्रेमानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा. काठाला किमचीतली, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीतली, लाल मिरची चिकटलेली, वर याच्या ओठांची लाळ. दुसरा तो पुसायचासुद्धा नाही. शी! आणि मी तोटी वाकवून त्यातच ओतायचं.

आमच्याकडे रीतच आहे. आपला वाडगा आपण भरायचा नाही, दुसऱ्यानं भरायचा. शेजाऱ्याचा वाडगा रिकामा दिसला की लगेच भरायचा, नाहीतर आपण माणूस कसले? मोठ्यानं पुढं केलेला वाडगा धाकट्यानं दोन्ही हातांनी घ्यायचा आणि तोंड बाजूला वळवून प्यायचा. नाही म्हणायची सोय नाही. ब्योंग-दोचा धाकटा भाऊ मान-शिक सतरा वर्षांचा झाला, तेव्हा त्याचा पहिला वाडगा थोरल्यानंच भरला. तो मुलगा खोकला, त्याचे डोळे पाण्यानं भरले आणि सगळं शेत हसलं. ओतणारी मीच होते.

आता सर्वांत घाणेरडी गोष्ट सांगते. एका बाजाराच्या दिवशी ब्योंग-दो तर्र होऊन घरी आला. त्याला मळमळून आलं, जवळ काही सापडेना, म्हणून त्यानं माझं झाकण काढलं आणि माझ्यात ओकला. हो, माझ्यात! ओक-बुननं मला नळाखाली नेलं आणि नाकाला पदर लावल्यासारखी बाही लावून राखेनं आणि पेंढ्यानं घासलं. घासता घासता ती रडत होती. दुसऱ्या दिवशी माझ्यात पुन्हा दारू भरली आणि त्याच माणसानं ती मिटक्या मारत प्यायली. माणसाला कशाचीच किळस वाटेनाशी होते, तेव्हा तो संपत आलेला असतो. हे मी त्या दिवशी शिकले.

बत्तीस वर्षांच्या संसारानंतर ब्योंग-दो गेला. शेवटी त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि डोळे माझ्यासारखे पिवळे झाले होते. मयताला आलेली माणसं तीन दिवस बसली. "दारूनं खाल्लं हो सोन्यासारख्या माणसाला," असं म्हणायची आणि लगेच शेजाऱ्यापुढं वाडगा धरायची. त्या तीन दिवसांत मी किती वेळा भरले गेले, मलाच माहीत नाही. चौथ्या दिवशी ओक-बुननं मला उचलून कोंबड्यांच्या खुराड्यामागं भिरकावलं. हा सगळ्यात मोठा पोचा तेव्हाचा. कोंबड्या माझ्यावर बसायच्या, शिटायच्या. आणि खरं सांगू? ती घाण मला दारूपेक्षा बरी वाटायची.

पण माझी सुटका कुठली! गावात छोल-गू नावाचा पंप दुरुस्त करणारा आहे, मान-शिकचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं मला खुराड्यामागून काढलं, नुसत्या पाण्यानं खळबळलं आणि आपल्या लसणाच्या पडवीत नेऊन टांगलं. चार वर्षं ते दोघं रोज तिथं बसले. याचा वाडगा तो भरायचा, त्याचा हा. मान-शिकची बायको कंटाळून केव्हाच माहेरी निघून गेली होती. त्याचे हात आता सकाळीच कापायचे.

मागच्या वर्षी, शरदातल्या पुनवेच्या सणाला तीन आठवडे असताना, दोघं थोरल्याच्या थडग्यावरचं गवत कापायला टेकडीवर गेले. मीही होते, भरलेली. मान-शिकनं मातीचा तो गोल उंचवटा साफ केला, आणि मग सवयीनं त्याच्या डावीकडची सपाट जागाही. ती जागा त्याच्या स्वतःच्या थडग्याची, घरच्यांनी केव्हाच ठरवून ठेवलेली. मध्येच त्यानं गवत कापायचं मशीन बंद केलं आणि मटकन खाली बसला. छोल-गूनं वाडगा भरून पुढं केला.

"घे, घामानं भिजलास."

"नको."

"नको? माझ्या हातचं नको?" छोल-गूचं तोंड लाल झालं. "अरे, तीस वर्षांत असं कधी ऐकलं नाही मी!"

"परवा दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीण म्हणाली, असंच चाललं तर दोन वर्षं." मान-शिकनं त्या सपाट जागेवर हात ठेवला. "छोल-गू, मी माझीच जागा झाडून ठेवतोय रे."

"डॉक्टर लोक घाबरवतातच. एका वाडग्यानं कोण मरतं?"

"हेच आपण थोरल्याला म्हणालो होतो. लेका, त्यानं जन्मात आपला वाडगा आपण भरला नाही. मीही भरला नाही. मग एवढी दारू आमच्या पोटात गेली कशी? ओतली कुणी?"

छोल-गूचा हात तसाच हवेत राहिला. वाडग्यात एक माशी पडून तडफडत होती. थोड्या वेळानं त्यानं तो वाडगा गवतात ओतला, मग मलाही उपडी केलं. मला त्या प्रश्नाची लाज वाटली. ओतणाऱ्यांत पहिलं नाव माझंच होतं.

तिथून दोघं तडक ओक-बुनच्या ओसरीवर आले. मला पाहताच तिनं मेलेला उंदीर पाहावा तसं तोंड केलं.

"ही अवदसा परत कुठून उगवली?"

"वहिनी, आधी ऐकून तर घ्या," छोल-गू म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मान-शिक जमिनीकडे बघत बसला होता.

ओक-बुननं मला उचललं आणि माझ्या मोठ्या पोच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "भावोजी, मला वाटलं होतं मी तुम्हाला शिव्या घालीन. पण रोज न्याहारीबरोबर शेतावर ही किटली कोण न्यायचं? मीच ना? त्यांना मीही ओतलीय."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मान-शिकबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, एकदम तोडू नका, अंगावर येईल. हळूहळू उतरवा आणि मधून मधून दाखवून जा. ओक-बुननं घरी येऊन कायदा केला. रीत मोडायची नाही, आपला वाडगा आपण भरायचा नाहीच. पण भरणार फक्त ती, बाटलीतून, मोजून. आज आठ, तीन दिवसांनी सात, मग सहा. एरवी तलफ आली की किटलीतला चहा. "तो जेवढे, तेवढेच मी," छोल-गू म्हणाला आणि लगेच कपाळाला हात लावला. "काय दुर्बुद्धी सुचली मला!"

मित्रांनो, मला पुन्हा चहाची करायला तिला चार दिवस लागले. राख झाली, कोंडा झाला, व्हिनेगर उकळून झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा माझा वास. पहिला चहा तिनं ओतला आणि मान-शिकच्या नाकपुड्या फुलल्या, तोंडाला पाणी सुटलं. ओक-बुननं ते पाहिलं. तिनं तो सगळा चहा उकिरड्यावर फेकला आणि मला पुन्हा घासायला घेतलं. माझा मुलामा जागोजागी निघाला, पण मी हूं की चूं केलं नाही.

मान-शिकचे दिवस वाईट गेले. घाम फुटायचा, झोप नाही, तोंडाला ताळ नाही. एकदा पाचव्या वाडग्यानंतर तो ओरडला, "वहिनी, तुम्ही काही माझी आई नाही!"

"नाही. आई असते तर एव्हाना कानाखाली दिली असती. चहा घ्या."

एकदा तर तो घसरलाच. बाजारात जुन्या ओळखीच्यांनी घेरलं, वाडगे भरले आणि त्याला नाही म्हणता आलं नाही. अंगणात येऊन तो तसाच ओकला, गुडघ्यांवर पडून. तो आंबूस भपका माझ्यापर्यंत आला आणि मला ब्योंग-दो आठवला. वाटलं, संपलं सगळं. ओक-बुननं राख आणून टाकली.

"झालं ओकून? मग तोंड धुवा. उद्याचे चार ते चारच."

त्यानंतर छोल-गू त्याला बाजारात एकटं जाऊ देईना. कुणी ओतायला आलं की हा आपला तेलकट पंजा मान-शिकच्या वाडग्यावर पालथा ठेवायचा. "काय रे, बायको आहेस का त्याची?" लोक म्हणायचे. "हो, मीच तेवढी टिकलेय," तो म्हणायचा.

पण सण जवळ आला तसा मान-शिक गप्प होत गेला. सणाच्या दिवशी थडग्यावर जाऊन थोरल्याला दारू ओतायची असते, आणि त्याच्यापुढं ठेवलेल्या वाडग्यातलं उरलेलं धाकट्यानं प्यायचं असतं. तो त्याचा आशीर्वाद.

"त्याचं दिलेलं नाकारू कसं?" तो छोल-गूला म्हणाला. "जिवंत असता तर पाय धरले असते. आणि तिथं भरलेला वाडगा तोंडाला लावला ना, तर मी थांबणार नाही. मी मला ओळखतो."

ओक-बुन पाइनच्या सुईसारख्या पानांवर तांदळाच्या करंज्या उकडत होती. तिनं ऐकलं आणि पुढची करंजी वळायला घेतली.

सणाच्या सकाळी तिघं टेकडीवर चढली. ओक-बुननं मला कापडात गच्च गुंडाळून, झाकण बांधून नेलं होतं. थडग्यापुढं करंज्या, नासपती आणि सुकी मासळी मांडली. मान-शिकनं दोनदा वाकून नमस्कार केला, गुडघे टेकले आणि मला दोन्ही हातांनी उचललं. त्यानं तोटी वाकवली.

वाडग्यात तपकिरी धार पडली. वाफाळणारा, खमंग, जवाचा चहा.

"वहिनी!" मान-शिक दचकला. "हे काय? थोरल्याला चहा?"

ओक-बुन त्याच्याशी नाही, उंचवट्याशी बोलली. "हो, चहाच. तीस वर्षं ओतली तुम्हाला, आता मेल्यावरही मीच ओतू का? शिसारी आली मला. तुमचा धाकटा हात कापत कापत कमी करतोय, तुम्हाला काय धाड भरलीय? तुम्हीही कमी करा!"

मग छोल-गू नाक शिंकरून म्हणाला, "घे रे. थोरला ऐकतोय. जन्मात वहिनीपुढं बोलला नाही, आता काय बोलणार!"

मान-शिकनं थोडा चहा थडग्यावर शिंपडला. उरलेला वाडगा त्यानं दोन्ही हातांनी धरला, वडीलधाऱ्यापुढं वळवावं तसं तोंड बाजूला वळवलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. तो खोकला, त्याचे डोळे भरून आले. सतरा वर्षांचा असताना झालं होतं, अगदी तसंच. यावेळी कुणी हसलं नाही. ओतणारी मीच होते.

त्याला वर्ष झालं. मान-शिक मध्ये दोनदा घसरला आणि दोनदा उठला. बाजाराच्या दिवशी दोन वाडगे, तेही ओक-बुनच्या हातचे. छोल-गूचेही दोनच, कुरकुरत. परवा ते पुन्हा गवत कापायला गेले. थोरल्याचं थडगं मान-शिकनं लख्ख केलं, पण डावीकडं गुडघाभर गवत तसंच ठेवलं.

"अरे, तुझी जागा राहिली की!" छोल-गू म्हणाला.

"राहू दे. तिथं कोण येतंय एवढ्यात?"

माझा वास अजून पुरता गेलेला नाही, मित्रांनो, आणि कदाचित जाणारही नाही. मी पडले किटली. कुणी वाकवलं की वाकायचं, भरलं असेल ते ओतायचं, एवढंच मला येतं. तुमचं तसं नाही. उद्या मोठे व्हाल, तुमच्या हातात किटली येईल आणि समोर एखाद्या जिवलगाचा वाडगा रिकामा असेल. तो भरण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघा. ते माझ्यासारखे पिवळे दिसले, तर वाडग्यावर आपला पंजा पालथा ठेवा आणि मला चुलीवर चढवा.