हात थांबवायचा नाही

मुलांनो, पाणी राहील आणि स्वयंपाकही होईल अशी एक टोपली डोळ्यांसमोर आणा. लव्हाळ्यांची, इतकी घट्ट विणलेली की थेंब गळत नाही. ती विस्तवावर ठेवायची नाही. विस्तवात तापवलेले दगड तिच्यात सोडायचे. चुर्र होतं आणि ओकच्या फळांच्या पिठाची लापशी उकळू लागते. एकच सांभाळायचं. लाकडी कालथ्याने दगड सारखे फिरते ठेवायचे. तळाला टेकून राहिले, की टोपली जळाली.

इसौरा अशाच टोपलीपुढे उकिडवी बसली होती. एक जुनं स्पॅनिश मिशन, म्हणजे पाद्र्यांचं ठाणं, डागडुजी करून पुन्हा उभं केलं होतं, आणि आज तिथे मुलांना जुने दिवस खेळून दाखवत होते. तिच्या चौथीच्या वर्गातली पोरं अंगणात मातीच्या विटा पाडत होती. इथल्या मूळच्या चुमाश लोकांचं रांधणं दाखवायला इसौराची आजी एर्नेस्तिना आली होती. टोपली तिने दोन हिवाळे बसून विणली होती. आता तिची बोटं वाकडी झाली होती. दुसरी टोपली होणार नव्हती.

"पाणी घेऊन येते," आजी म्हणाली. "तोवर हात थांबवायचा नाही."

"आणि नाक खाजलं तर?"

"नाक तुझं, टोपली माझी."

आजी लांबच्या कारंज्याकडे गेली, आणि घंटा वाजली.

नियम सकाळीच सांगितला होता. घंटा झाली की काम टाकून रांगेत यायचं. ज्या वर्गातलं कुणी राहील, त्याला बैलगाडीची फेरी नाही. पोरांनी विटा टाकल्या. रांगेत एक जागा रिकामी राहिली.

"ये ना गं," रांगेतून वर्गातला डेक्लन म्हणाला. "तुझ्यामुळे आमची गाडी जाईल."

"दगड टेकेल."

"टेकू दे की. टोपलीच तर आहे."

तेवढ्यात खेळातले फादर आले. तपकिरी झग्यातले हे व्हिटकोंब एरवी गावात टपाल वाटत, पण आज त्यांचा आवाज वेगळाच होता.

"घंटा ऐकू आली नाही का, पोरी?"

"आली."

"मग हात थांबव."

याच अंगणात आपल्या माणसांना या घंटेचं ऐकावं लागे, न ऐकणाऱ्याला चाबूक बसे, हे आजीने तिला घरी सांगितलं होतं. इसौराचं मनगट भरून आलं होतं. एक दगड तळाला घासला. किंचित करपल्याचा वास आला, किंवा तिला तसं वाटलं. आजी अजून पाठमोरीच होती.

व्हिटकोंब आणखी एक पाऊल पुढे आले. त्यांची सावली टोपलीवर पडली.

इसौराने डाव्या हाताने शेजारचा दुसरा लाकडी कालथा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"मी रांगेत जाते," ती म्हणाली. "आधी तुम्ही इथे बसा."

आणि कालथा तसाच धरून ती उजव्या हाताने ढवळत राहिली.