बाईंचं ‘च्च’

आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून सगळ्या गल्लीच्या ‘बाई’ झालेल्या त्या बाईंना संसारात एकाच गोष्टीचा तोरा होता. नवऱ्याला शब्द अडला की तो त्यांच्याकडे यायचा. नवरा अनुवादक, मराठी पुस्तकं इंग्रजीत करायचा. अर्थ डोक्यात पक्का, शब्द मात्र ऐन वेळी पसार. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचा, ‘‘अगं, माणूस चिडलेला नाही, दुखावलाय, पण कुणाला कळू देत नाही. त्याला काय म्हणतात?’’ बाई हातातलं काम न थांबवता दोन-तीन शब्द घोळवून बघायच्या आणि मग नेमका त्याच्या पदरात टाकायच्या.

या दुधात लेकीने मिठाचा खडा टाकला. सुट्टीला आली आणि बापाच्या कॉम्प्युटरवर एक साइट दाखवून गेली. अर्थ टाइप करायचा, की त्या अर्थाचे आणि त्याच्या आसपासचे इंग्रजी शब्द ढिगाने हजर. अनुवादक हरखला. त्याचं दारात येणं बंद झालं. आतून नुसती टकटक, आणि मधूनच ‘‘वा, काय शब्द दिलाय!’’

त्या ‘वा’ने बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्याला एकदा तरी ‘वा’ म्हणाला होता का हा माणूस? सवत आणली असती तर निदान तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या!

एक रिवाज तेवढा टिकून होता. प्रकरण पुरं झालं की संध्याकाळी तो मोठ्याने वाचायचा आणि बाई वाटाणे सोलत ऐकायच्या. शब्द खटकला की ‘च्च’ करायच्या. ‘च्च’ आलं नाही की मजकूर प्रकाशकाकडे रवाना.

त्या संध्याकाळी एका लेखकाने आपल्या वारलेल्या आईवर लिहिलेलं प्रकरण होतं. आई काटकसरी होती. तिथे अनुवादकाने मोठ्या ऐटीत वाचलं, ‘पार्सिमोनियस’. बाईंचा हात थांबला. हा तर कंजूष माणसाचा शब्द! जिने पोटाला चिमटा काढून मुलं शिकवली, तिला कंजूष म्हणायचं? ‘च्च’ अगदी ओठांवर आलं. पण मग वाटलं, जाऊ दे, विचारू दे त्याच्या त्या लाडक्या साइटलाच. बाईंनी ते गिळलं आणि पुढची शेंग उचलली.

आठवड्याने प्रकाशकाचा फोन आला. आवाज बाईंनाही ऐकू येत होता. ‘‘लेखक फार दुखावलाय हो. माझ्या आईला कंजूष म्हटलं, म्हणतो. पुस्तक दुसऱ्या कुणाला द्या म्हणून हटून बसलाय.’’

‘‘शब्द बरोबर आहे,’’ अनुवादक ठासून म्हणाला. ‘‘आमच्या बाईंनी ऐकलाय, त्यांनी ‘च्च’ केलं नाही. खुशाल दुसऱ्याला द्या पुस्तक, पण शब्द चुकलाय म्हणू नका.’’



‘‘च्च,’’ त्या म्हणाल्या.

तो वळला. बायकोच्या तोंडाकडे पाहताच त्याला सगळं कळलं. तो फोनमध्ये म्हणाला, ‘‘नाही हो, घोटाळा माझाच. हे प्रकरण त्यांना वाचून दाखवायचं राहूनच गेलं होतं. आजच दुरुस्त करून देतो.’’

फोन ठेवून तो कॉम्प्युटरकडे गेला नाही. तिथेच उभा राहिला.

‘‘अगं, पैसा जपून वापरणारी, पण मनाने मोठी. तिला काय म्हणतात?’’

शब्द सोपा होता, शाळेत हजारदा शिकवलेला. पण बाई उगाचच दोन-तीन शब्द घोळवत राहिल्या, आणि नवरा पूर्वीसारखाच वाट बघत उभा होता.