उजव्या हाताची साखर

नळदुर्गच्या अलीकडे, हायवेला लागून एक बंद पडलेला धाबा आहे. तिथं आता शिवपुत्र महाराजांचा मठ आहे. गुरुवारी एवढी गर्दी होते, की जीपवाले "साखरेचा मठ, साखरेचा मठ" असं ओरडून सीटा भरतात.

त्या गुरुवारी मी रांगेच्या बाजूला उभा होतो. रांगेत कमलाक्का होत्या. माझ्या बायकोची, राजेश्वरीची, थोरली बहीण. त्यांना अणदूरहून गाडीवर आणून सोडायचं एवढंच माझं काम. राजेश्वरी गेल्यापासून कुणी कुठं चला म्हटलं की मी जात होतो.

रांगेत शिरताना एक बाई प्रत्येकाच्या उजव्या हातात गुळाचा खडा द्यायची. "अंगातली साखर गुळात उतरू द्या. मूठ सोडू नका," असं सांगायची. उन्हात तासभर मूठ आवळून लोक पुढं सरकायचे. पुढं टेबलाशी महाराजांचा सेवक समर्थ बसला होता. त्याच्याजवळ दवाखान्यात असतं तसंच रक्तातली साखर मोजायचं मशीन आणि त्यात घालायच्या पट्ट्या. खडा पत्रावळीवर ठेवायला लावून तो उजव्या हाताच्या बोटाला सुई टोचायचा आणि आकडा माईकवर वाचायचा.

"कमलबाई, अणदूर. चारशे साठ!"

बायकांनी "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला. मग प्रत्येकानं आपला खडा धुनीत टाकायचा, कडुलिंबाच्या तीर्थात मनगटापर्यंत हात बुडवायचा, महाराजांच्या पायावर डोकं ठेवायचं आणि परत टेबलाशी यायचं.

"कमलबाई, अणदूर. दोनशे तीस!"

टाळ्या पडल्या. महाराजांनी माईक घेतला.

"मशीन डॉक्टरचं, पट्टी डॉक्टरची! मशीनला भक्ती कळती का?"

"न्हाय!"

"मशीन लाच खातं का?"

"न्हाय!"

"मग साखर उतरवली कुणी? सुया टोचून टोचून बोटाची चाळण झाली, तरी डॉक्टर म्हणतो अजून टोच. अरे, तू माणूस हायस का गोधडी? सुई सोडा, शिवपुत्र धरा!"

लोक हसले. मला हसू आलं नाही, रागही आला नाही.

परतताना आक्का मागून म्हणाल्या, "रणधीरराव, आजपास्नं इन्सुलिनची सुई बंद."

"डॉक्टरला विचारा तरी."

"काय विचारू? राजीनं एक दिवस सुई चुकवली न्हाई. गेलीच की."

मी गाडी चालवत राहिलो.

मी एका छोट्या कारखान्यात मापं तपासतो. पाण्याच्या मोटारीत बसणाऱ्या बुशा, म्हणजे धातूच्या गोल कड्या, आम्ही बनवतो. आमच्याकडं एक रीत आहे. बुश नापास करायच्या आधी मोजणंच तपासायचं. तीच बुश वेगवेगळ्या माणसांना, कुठली आहे हे न सांगता, परत परत मोजायला द्यायची. आकडे जुळले नाहीत तर बुशीला दोष देता येत नाही. आणि एक मास्टर असतो. मास्टर म्हणजे ज्याचं माप आधीच पक्कं ठाऊक आहे असा तुकडा. मशीनवर संशय आला की मास्टर मोजून बघायचा.

शनिवारी लेथवरचा समद एक बुश घेऊन आला. "भाई, किती बी घासलं तरी माप जास्तीच येतंय. मशीनला भूत लागलंय."

"पुसली का?"

"त्यात काय पुसायचं?"

मी चिंधीनं तेल आणि लोखंडाचा कीस पुसला. माप बरोबर आलं.

"घ्या!" समद म्हणाला. "चिंधीबाबा की जय."

तो निघून गेला. मी चिंधी हातात धरून उभा राहिलो. डोळ्यांसमोर आक्कांची मूठ येत होती.

संध्याकाळी मी राजेश्वरीचं मशीन कपाटातून काढलं. तिनं ते तिच्या जुन्या रुमालात गुंडाळून ठेवलं होतं. पट्ट्यांची नवी डबी मेडिकलमधून आणली. मला साखरेचा आजार नाही, कारखान्याच्या तपासणीत दर वर्षी तसंच येतं. म्हणजे मास्टर मीच. हात धुऊन मोजलं तर शहाण्णव. मग गुळाचा खडा मुठीत धरून बसलो, आणि न पुसता त्याच हाताचं बोट टोचलं. तीनशेच्या वर. परत हात धुतले. नव्याण्णव.

मी तसाच आक्कांकडं गेलो. त्यांचं तोंड कोरडं पडत होतं आणि तांब्यानं तांब्या पाणी चाललं होतं. मी सगळं सांगितलं.

"तुमच्या डब्यातला गूळ आन् महाराजांचा गूळ एकच हाय व्हय?" त्या म्हणाल्या.

"मग हे मशीन तरी लावू द्या."

"ते राजीचं हाय. तिला काय उपेग झाला त्याचा?"

मी मशीन परत रुमालात गुंडाळलं. शेवटी त्या म्हणाल्या, "गुरुवारी माझ्या डोळ्यांसमोर दावा. तवर सुई न्हाई घ्यायची मी."

गुरुवारी मी स्वतःच रांगेत लागलो, आक्का माझ्या मागं. गूळ घेतला, मूठ आवळली. समर्थनं बोट टोचलं.

"रणधीर, अणदूर. तीनशे पंच्याऐंशी!"

"बघा," राजीचं आक्कांकडून ऐकलेले महाराज म्हणाले, "बायकोच्या दुःखानं साखर झाली बिचाऱ्याला."

"महाराज, आता डाव्या हाताची मोजा."

"डावा हात अशुभ."

मी खिशातून राजेश्वरीचं मशीन काढलं, डाव्या हाताचं बोट टोचलं आणि मशीन आक्कांपुढं धरलं. "वाचा."

"एकशे दोन," आक्का म्हणाल्या. माईक चालूच होता. आकडा हायवेपर्यंत गेला.

"मशीनमशीनमध्ये फरक असतो," महाराज म्हणाले.

"मग तुमच्या मशीनवर मोजा." मी डावा हात समर्थपुढं धरला. लोक बघत होते, त्याला मोजावं लागलं. एकशे पाच.

मी म्हणालो, "मला साखर न्हाय. तीर्थ घेतलं न्हाय, पाया पडलो न्हाय. एका हातात चारशे आन् दुसऱ्यात शंभर, हे रक्त कसलं? ती साखर बोटाला लागलेल्या गुळाची हाय."

"बायको गेल्यापास्नं ह्याचं डोकं फिरलंय," महाराज गर्दीला म्हणाले.

"व्हय, गेली," मी म्हणालो. "पण मी बोटाचं बोलतोय."

आक्कांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली. मुठीतला गूळ खाली टाकला, दोन्ही हात खसाखसा धुतले, पदराला पुसले आणि बोट समर्थपुढं धरलं.

"मोज."

"आक्का, आधी मूठ..."

"मोज म्हणते न्हवं का!"

तीनशे दहा. समर्थनं तो आकडा माईकवर वाचला नाही. आक्कांनीच वाचला.

"गेल्या गुरुवारी तीर्थात हात धुतल्यावर दोनशे तीस होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या नादानं सुई सोडली आन् तीनशे दहा झाली. का रं, दवाखान्यात आधी बोट पुसत्यात. तू का पुसत न्हाईस?"

समर्थनं महाराजांकडं बघितलं. ते धुनीकडं बघत होते.

"आधी पुसायचं न्हाय, मागनं धुवायचं," तो म्हणाला. "असंच सांगितलंय मला."

रांग मोडली. काहींनी गूळ फेकला. एक म्हातारा मात्र महाराजांना शिव्या देत देत आपला खडा खाऊन टाकत होता. त्याच्या हातातून तो सोडवायला त्याच्या सुनेला बराच झगडा करावा लागला. थोडे लोक अजूनही मुठी आवळून उभे होते.

परतताना आम्ही आधी दवाखान्यात गेलो. डॉक्टर आक्कांना रागावले आणि त्यांनी सुई परत सुरू केली. बाहेर आल्यावर आक्कांनी विचारलं, "सुईनं मी वाचंन का?"

"मला ठाऊक न्हाय. राजी न्हाय वाचली."

"मग?"

"आकडा खरा असला तर डॉक्टरला काहीतरी करता येतं. राजीला त्यावर बरीच वर्षं मिळाली."

राजेश्वरीचं मशीन मी त्यांना दिलं. रुमाल माझ्याकडं ठेवला.

वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. कुणी चमत्काराचा आकडा दाखवला तर पाया पडायच्या आधी हात धुवा. परत मोजा, दुसऱ्या बोटाचं मोजा, दुसऱ्याकडून मोजून घ्या. आकडा टिकला नाही तर चमत्कार झालाच नाही. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून सुई बंद करू नका.