मागील दारावरचा कोळशाचा माणूस

मित्रांनो, मी एक जुने मागील दार आहे. पुढच्या दाराला सणासुदीला तोरण मिळते, त्याच्या उंबऱ्यावर रांगोळी निघते. मागील दाराच्या वाट्याला येतात ते ओले हात, शेणाने भरलेली बोटे आणि गुरांच्या शिंगांचे धक्के. माझी त्याबद्दल तक्रार नाही. घरातली खरी वर्दळ माझ्यातूनच चालत असे, आणि पुढे माझ्या हातून जे काम झाले ते पुढच्या दाराला जमले नसते.

माझा जन्म रत्नागिरीजवळच्या मिरजोळे गावातला. महिपतने घर बांधायला काढले तेव्हा परसातला एक म्हातारा फणस वादळात आडवा झाला होता. रामा सुताराने त्याच्या फळ्या काढल्या, त्या जोडून मागे आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि मला घडवले. नवे लाकूड हळदीसारखे पिवळे होते. मला लोखंडी बिजागऱ्या नव्हत्या. एका कडेला वर आणि खाली लाकडाचेच दोन गोल खुंट होते. ते चौकटीतल्या भोकांत बसत आणि त्यांवर मी फिरत असे. मला जरा वर उचलून बाहेर ओढले की मी चौकटीतून सुटून येई.

"असलं सुटं दार कशाला?" महिपतच्या बायकोने, हौसाने विचारले होते.

"धुवायला बरं पडतं," रामा म्हणाला. मी कशाकशाला बरे पडणार आहे हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हते.

महिपत तरुणपणी पहिल्या महायुद्धात समुद्रापलीकडे बसऱ्याला गेला होता. बंदूक चालवायला नव्हे, तर जखमी शिपाई उचलून आणायला. ते काम त्याला तिथल्या डॉक्टरांनी शिकवले होते. गावात परतल्यावर त्याने पाहिले की झाडावरून किंवा गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, माणूस पडला की लोक धावतात, त्याला धरून बसवतात, पाणी पाजतात आणि मायेपोटीच त्याचे जास्त नुकसान करतात. म्हणून त्याने तीन जणांना रविवारी शिकवायला बोलावले. आंबे काढणारा भागोजी, गाडीवान रघू आणि बंदरावर हमाली करणारा युसुफ.

शिकवायला पुस्तक नव्हते, चित्र नव्हते. महिपतने मला चौकटीतून काढले आणि अंगणात दोन दगडांवर आडवे ठेवले. भागोजी लगेच माझ्यावर उताणा पडला. "रोगी मी होतो काका, म्हणजे झोप तरी होईल."

महिपतने चुलीतला कोळसा घेतला आणि भागोजीच्या अंगाभोवती रेघ ओढली. भागोजी उठला तेव्हा माझ्यावर त्याचाच आकार उरला होता. मग त्या आकारात महिपतने एकेक हाड काढले. डोक्याची कवटी, गळ्याखालची दोन आडवी हाडे, बरगड्यांचा पिंजरा, मांडीची लांब हाडे. मधोमध त्याने मणक्यांची माळ काढली, मानेपासून कंबरेपर्यंत.

"ह्या माळेच्या आतून एक दोरी जाते," तो म्हणाला. "तिच्यातून पायांना हुकूम जातात. पाय तुटला तर जोडता येईल. ही दोरी तुटली तर नाय जोडता येत."

"काका, ह्या कोळशाच्या माणसाला बरगड्या हायत, पण पोटात भाकर नाय," भागोजी म्हणाला.

"तुझ्यासारखाच हाय तो. सगळं तोंडात, डोक्यात काय नाय," युसुफ म्हणाला. माझ्यासकट सारे अंगण हसले. दार हसले तर करकर वाजते, एवढेच.

असे कितीतरी रविवार गेले. रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरायचे. हाड मोडले असेल तर आहे त्या स्थितीत फळीला बांधायचे, ओढून सरळ करू पाहायचे नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचे नाही, ते पोटात न जाता श्वासाच्या वाटेला जाते. हे सारे मी त्यांच्याबरोबर शिकत होते. हौसा मात्र कुरकुरे. "तुमची शाळा होते, आणि उघड्या दारातून कोंबड्या माझ्या चुलीपर्यंत येतात."

मग एका वैशाखात तो दिवस आला. आंब्याचा ऐन हंगाम होता. महिपतच्या घरामागच्या कलमावर भागोजी चढला होता. त्याच्या हातात घळ होती, म्हणजे आंबे उतरवण्याची जाळी लावलेली काठी. ती पुढे करून तो शेंड्याकडच्या आंब्यापर्यंत वाकला, आणि फांदी मोडल्याचा आवाज मी ऐकला. नंतर गडग्याच्या जांभ्या दगडांवर काहीतरी जड आदळले.

माणसे चहूकडून धावली. "उठवा रे त्याला!" "बसता करा!" "पाणी आणा!" कुणीतरी त्याच्या काखेत हातही घातला.

"हात काढा!" महिपत घरातून ओरडत आला. त्याचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो भागोजीच्या डोक्याशी बसला आणि त्याची मान दोन्ही हातांत धरली. "भागोजी, मान हलवू नको. नुसता बोल. कुठं दुखतंय?"

"कंबरेत... काका, फांदीन दगा दिलान."

"पायाची बोटं हलव."

उजवी बोटे हलली. डावी जेमतेम थरथरली. "डाव्या पायात मुंग्या आल्यात," भागोजी म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली. झाडावर चढणाऱ्या माणसाचे सारे आयुष्य त्याच्या पायांत असते.

एवढ्यात दोघांनी डोली आणली. आमच्याकडे आजारी माणूस डोलीतूनच जात असे. बांबूला घोंगडीची दोन टोके बांधायची आणि त्या झोळीत माणसाला घालायचे. महिपतने मान हलवली. "डोलीत पाठ विळ्यासारखी वाकते. मणका सरकलेला असला तर आतली दोरी कापली जाईल. ह्याला सपाट न्यायचा. रघू, दार काढ."

रघूने मला उचलून चौकटीतून बाहेर ओढले. तेव्हाच भागोजीची बायको राही धावत आली. तिने मला पाहिले, जमिनीवरच्या नवऱ्याला पाहिले, आणि माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"काका, माझ्या धन्याला तुमी जित्तेपणी आडवा नेणार? चौघांनी? पाय पुढं करून?"

मित्रांनो, तिचे चुकले असे म्हणू नका. आमच्या गावात जिवंत माणूस डोलीतून बसल्यासारखा जाई. आडवा, चौघांच्या खांद्यांवर, तो एकदाच जाई. जमलेली माणसेही मागे सरली होती.

"राही, पाय पुढं असले म्हणजे डोक्याशी चालणाऱ्याला त्याचं तोंड दिसतं. श्वास दिसतो. म्हणून तसं," महिपत समजावत होता.

"लोक काय समजतील? आणि वरचा काय समजेल? नाय म्हंजे नाय. डोलीतूनच न्या!"

डोलीतून नेले असते तर काय झाले असते हे माझ्या अंगावर कोळशाने लिहिलेले होते. पण मला बोलता येत नव्हते. शिवाय आणखी एक अडचण होती. मला धरायला चार माणसे लागत. महिपत, युसुफ आणि रघू होते, पण शिकलेला चौथा गडी भागोजीच होता. बाकीच्यांपैकी कुणी कोपरा धरायला पुढे येईना.

माझ्या रिकाम्या चौकटीतून हौसा बाहेर आली. ओले हात पदराला पुसत तिने राहीला विचारले, "बायका कधी तिरडीला हात लावतात काय गो?"

"नाय."

"मग चौथा कोपरा मी धरते. बाईन धरलेली तिरडी कुणी बघितलीय? बाई धरील ते दारच ऱ्हाणार."

खालून भागोजीचा आवाज आला, "काकी धरतेय तर कोंबड्यांना कोण राखील?"

कुणीतरी खुदकन हसले. राहीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. तिने पदर कमरेला खोचला आणि हौसाला बाजूला केले. "सरा काकी. नवरा माझा हाय."

महिपतने तिला थोडक्यात सांगितले. मान त्याच्या हातात, खांदे युसुफकडे, कंबर रघूकडे, पाय राहीकडे. तो 'वळवा' म्हणेल तेव्हाच, आणि सगळ्यांनी एकदम. चौघांनी भागोजीला लाकडाच्या ओंडक्यासारखे एका अंगावर वळवले, हौसाने मला त्याच्या पाठीशी सरकवले आणि त्यांनी त्याला माझ्यावर उतरवले. तो स्वतःच्याच आकारात बरोबर बसला. खांद्यांवर खांदे, कण्यावर कणा, पायांवर पाय.

"मऊ गोधडी घालू का खाली?" हौसाने विचारले.

"नको, पाठ कठीण जाग्यावरच सरळ ऱ्हाते. वरून पांघरूण घाल." महिपतने मानेच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावल्या आणि लुगड्याच्या पट्ट्यांनी भागोजीला माझ्याशी बांधले. मग ते मला घेऊन निघाले. खांद्यावर नव्हे, हातांत, खाली धरून.

राही पायाकडच्या कोपऱ्याला होती, म्हणजे सर्वांत पुढे. तिला मागे वळता येत नव्हते. "बोलत ऱ्हावा," तिने न बघताच सांगितले. "तुमचा आवाज मला ऐकू आला पायजे."

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बोल म्हणतेस."

"बोलताव का नुसते?"

भागोजी बोलत राहिला. वाटेत लागेल त्या घरावर, झाडावर, कुत्र्यावर बोलत राहिला. सडकेकडे उतरणाऱ्या घाटीत मात्र त्याचा आवाज बारीक झाला, तुटक झाला आणि थांबला.

"ऐकताव काय?" राही म्हणाली. "ऐकताव काय वो?"

मला त्याच्या काळजाचे ठोके लाकडातून जाणवत होते, जलद, पण चालू होते. हे तिला कसे सांगावे? आयुष्यात मला मुकेपणाचे एवढे दुःख कधी झाले नाही.

"थांबा. हळू खाली ठेवा," महिपत म्हणाला. त्याने भागोजीच्या तोंडाशी गाल नेला, छाती पाहिली, मान न हलवता खालचा जबडा अलगद पुढे उचलून धरला. "श्वास हाय. भागोजी! अरे भागोजी!"

भागोजीने डोळे उघडले. "जरा डोळा लागला काका. रोगी झालो की झोप येते, ठाव हाय ना तुमाला."

"झोपतोस काय मेल्या!" राही रडत ओरडली. नवऱ्याला असे कधी बोलत नाहीत, हे तिच्या ध्यानातच राहिले नाही. तो पुढची सगळी वाट त्याच शब्दावरून तिला चिडवत आला.

सडकेवर बंदराकडे आंब्याच्या पेट्या नेणारी एक मोटार उभी होती. आम्हांला पाहताच तिच्या चालकाने टोपी काढून मान खाली घातली. माझ्यावरून आवाज आला, "टोपी घाल रे बाबा, ऊन लागेल. मी अजून हाय." चालक दचकून मागे सरला. मग त्याचे लक्ष कोपरा धरलेल्या राहीकडे गेले आणि त्याने मुकाट्याने पेट्यांवर पेंढा पसरला. त्या पेंढ्यावर, माझ्यासकट, भागोजी रत्नागिरीच्या दवाखान्यात पोचला.

तिथे त्याला माझ्यावरून उतरवले आणि तपासायला अंगावर वळवले, तेव्हा डॉक्टर थबकले. घामाने ओल्या झालेल्या त्याच्या उघड्या पाठीवर माझ्यावरचा कोळसा उमटला होता. बरगड्या, मणक्यांची माळ, सगळे. डॉक्टर हसले आणि महिपतकडे वळले. त्यांनी कंबरेजवळच्या एका मणक्यावर बोट ठेवले. "दुखावलाय तो हा. चांगले आणलेत. वाकवून आणला असता तर मला काही करता आले नसते."

भाताची कापणी चालू होती तेव्हा भागोजी काठी टेकत आमच्या घरी आला, आणि मुद्दाम मागील दारातून आला. झाडावर तो पुन्हा चढला नाही. पेट्यांत आंबे भरायचे काम करू लागला आणि रविवारी महिपतच्या शेजारी बसून शिकवू लागला. शिकायला येणाऱ्यांत आता बायकाही होत्या.

पुढे एकदा युसुफची बायको रझिया विहिरीच्या पायऱ्यांवर घसरली आणि तिचे मांडीचे हाड मोडले. त्या दिवशी घरात कुणी नव्हते. राही धावत आली. तिने हाक मारली नाही, कुणाला विचारले नाही. मला खांदा लावून वर उचलले, बाहेर ओढले आणि शेजारच्या जनीला ओरडून सांगितले, "कोपरा धर गो!"

आता मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे आहे. फणसाच्या लाकडाला वाळवी लवकर लागत नाही, पण ओलीला इलाज नाही. माझ्या चौकटीत नवे दार बसले आहे. त्याला बिजागऱ्या लावणार होते, पण राहीने सुताराला त्या परत न्यायला लावल्या. तेही माझ्यासारखेच सुटे आहे, आणि त्याच्यावर नवा कोळशाचा माणूस आहे.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. कुणी पडलेला दिसला तर उचलायची घाई करू नका. आधी त्याच्याजवळ बसा, त्याच्याशी बोला, श्वास बघा, रक्त बघा. पाठीला लागले असेल तर त्याला हलू देऊ नका आणि जाणत्या माणसाला बोलवा. आणि तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने दार असेल तर ते ओल्या जमिनीवर टेकवू नका, खाली दोन दगड ठेवा. मला कुणी ठेवले नाहीत, त्यामुळे माझा खालचा कोपरा कुजून गेला आणि त्याबरोबर माझ्यावरच्या कोळशाच्या माणसाचा डावा पायही गेला.

भागोजीचा मात्र शाबूत आहे. आत्ताच तो गोठ्यावरून गेला, काठी न घेता, राहीला काहीतरी चिडवत.