देवांसमोर बूट

शेती करायची ही कल्पना परीक्षितची. शेती करायला लागली नीलांबरी.

हर्नडन शहरातल्या ऑफिसात अर्धं आयुष्य स्क्रीनसमोर काढल्यावर परीक्षितला मातीची ओढ लागली. ही व्याधी आमच्या पिढीत पन्नाशीच्या आसपास होते आणि बहुतेकांची कुंडीतल्या कढीपत्त्यावर बरी होते. परीक्षितची झाली नाही. त्याने मेन राज्याच्या किनाऱ्यापासून बोटीने तासभर लांब, एका बेटावर जुनी शेतवाडी घेतली. घर, गोठा, दगडी कुंपण, मेंढ्या आणि चारी बाजूंनी अटलांटिक. शेजार नाही. पुण्यात शेजाऱ्यांना कंटाळलेल्या माणसाला यात सुख वाटणं मी समजू शकतो.

दोन हिवाळ्यांत नवराबायकोची अदलाबदल झाली. नोकरी सोडताना रडलेली नीलांबरी आता मेंढीचे खूर कापते आणि वाऱ्याचा वास घेऊन पाऊस सांगते. परीक्षित रोज संध्याकाळी हर्नडनमधल्या घरांच्या किमती बघतो. ऑक्टोबरमध्ये जुन्या मॅनेजरने त्याला परत बोलावलं. नीलांबरी नाही म्हणाली. शेवटी दोघांत करार झाला, आणि तो मी पोचताच मला साक्षीदार असल्यासारखा ऐकवण्यात आला. या हिवाळ्यात एक जरी मेंढी गेली, तर मार्चमध्ये हर्नडन. एकही गेली नाही, तर विषय कायमचा बंद.

परीक्षितचा जुना मित्र म्हणून मी एडिसनहून नाताळच्या सुट्टीत गेलो होतो. माझी बायको शरयू हुशार आहे, ती आली नाही.

आता बुटांविषयी. या भागातल्या घरांना दाराच्या आत एक छोटी खोली असते, चिखलाचे बूट काढून ठेवायला. नीलांबरीच्या घरात पूर्वेकडे तोंड असलेली तेवढी एकच जागा होती, म्हणून तिथे देव बसले. देवांसमोर शेणाचे बूट कोण ठेवणार? ते बाहेर, ओसरीवर, ओळीने. येणाऱ्याने पायताण बाहेर काढायचं, हे आम्हा तिघांपैकी कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. माझेही बूट मी न सांगता ओळीत लावले, टाचा भिंतीला.

वादळाच्या आदल्या दिवशी एर्लचा फोन आला. एर्ल हा बोटवाला. तो टपाल आणतो, किराणा आणतो, बोलणं सहसा आणत नाही. त्या दिवशी त्याने पूर्ण वाक्य वापरलं: बाहेर जे जे तुम्हाला आवडतं ते आत घ्या.

आम्ही ते मनावर घेतलं. परीक्षितने हवामानाचं यंत्र आत आणलं, ड्रोन आणला, खुर्च्या आणल्या. नीलांबरीने कोंबड्या आणून बाथरूममध्ये कोंडल्या. मी सरपण आणलं. मग आम्ही तिघं उच्चशिक्षित माणसं ओसरीवर बूट काढून घरात आलो आणि दार लावून घेतलं.

सकाळी वारा सुटला. सुटला म्हणजे आधी तो बांधलेला असावा असं वाटायला लागलं. घर जुन्या बोटीसारखं करकरत होतं. वीज गेली, फोन गेला. खिडक्यांवर समुद्राचं पाणी आपटून तिथेच गोठत होतं. कोणी एका जागी बसेना. परीक्षित बंद फोनवर अंदाज रिफ्रेश करत घरभर फिरत होता. मी त्याच्या मागून फिरत होतो, कारण बसलं की छत जास्त ऐकू यायचं. नीलांबरीने शेगडीवर थालीपीठ लावलं, विसरली, जळल्यावर तेच आम्हाला वाढलं आणि पुन्हा खिडकीशी गेली. काचेवरच्या बर्फात तिने तव्याच्या उलथण्याने एक भोक पाडलं होतं. त्यातून गोठा दिसत होता.

गोठ्यातल्या मेंढ्यांना तिने सासरच्या बायकांची नावं दिली होती. प्रेमाने की कशाने, हे परीक्षितने विचारलं नव्हतं. सगळ्यात म्हातारी होती सुमेधाकाकू. गाभण होती, आणि मूळच्या सुमेधाकाकूंसारखीच, सगळे आत असले की तिला बाहेर जायचं असायचं.

दुपारी नीलांबरी म्हणाली, "दार गेलं."

मी भोकातून पाहिलं. गोठ्याच्या दाराचा अडसर तुटला होता आणि एक फळी कागदासारखी फडफडत होती. बिथरलेल्या मेंढ्या बाहेर पडल्या की वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटतात, आणि त्या दिशेला कड्यापाशी बेट संपत होतं.

ती ओसरीचं दार उघडायला धावली. परीक्षित आणि मी तिघांचे कोट घेऊन मागे. दार उघडलं.

ओसरी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ मी ती कधी पाहिली नव्हती. एकही बूट नव्हता.

"तुझे देव," परीक्षित म्हणाला.

"तुझी जागेची निवड," नीलांबरी म्हणाली. भांडण एवढ्यातच संपलं, दोघांना सराव होता.

मी म्हटलं, सपाता आहेत. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. नीलांबरी आत गेली आणि बासमतीच्या रिकाम्या पिशव्या घेऊन आली, त्या जाड, झिप असलेल्या, ज्या आपल्या कोणाच्याही घरातून कधी टाकल्या जात नाहीत. दोन-दोन जोड मोजे, त्यावर पिशवी, घोट्याला सुतळी. परीक्षितच्या दोन्ही पायांवर 'एक्स्ट्रा लाँग ग्रेन' असं लिहिलेलं होतं. कपडे वाळत घालायची दोरी कमरांना बांधून आम्ही निघालो.

त्या वाऱ्यात चालणं म्हणजे न दिसणाऱ्या म्हशीला ढकलत नेणं. दोनदा मी बसलो, एकदा स्वेच्छेने. गोठ्याशी पोचल्यावर नीलांबरीने दोरी सोडली आणि ती आत शिरली. परीक्षित आणि मी बाहेरून फळीला खांदा लावला. आत ती एकेकीला नावाने हाक मारत होती. वाऱ्यात ऐकू येत होतं, प्रतिमामावशी, इलाआत्या, जणू लग्नात जेवणाची पंगत बसवतेय.

तेवढ्यात परीक्षितने मान वळवली. मीही वळवली.

खाली दगडी कुंपणापाशी सुमेधाकाकू उभी होती. अंगावर बर्फाचे गोळे, तोंड कड्याकडे. कुंपण तिथे ढासळलेलं होतं. अजून थोडी पुढे सरकली असती तर विषय संपला असता.

आतून नीलांबरीने ओरडून विचारलं, "बाहेर कोणी राहिली का रे?"

परीक्षितने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या दाढीतून बर्फ लोंबत होता. त्याला काही करावं लागणार नव्हतं. नुसतं काही न करणं पुरे होतं. नाही म्हणायचं, दार लावायचं, बाकीचं वारा बघून घेणार होता. मार्चमध्ये हर्नडन, गरम पाण्याचा भरवसा, शनिवारी कोणाकडे तरी पॉटलकचं जेवण, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. मी तोंड उघडलं नाही. करार त्यांचा होता, आणि वाऱ्यात तोंड उघडलं की दात दुखत होते, ही दोन्ही कारणं मला तेव्हा पटली.

"काकू बाहेर आहेत," तो ओरडला. "मी आणतो."

मग त्याने दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि तो बासमतीच्या पिशव्यांवर उतारावरून चालला. चालला कमी, घसरला जास्त. कुंपणाशी आपटला, उठला, मेंढीच्या गळ्यात हात टाकला. तिने त्याला ढुशी दिली. तो पडला, पण लोकर सोडली नाही. एक पिशवी सुटली आणि कड्यावरून उडून गेली. मी दोरी ओढत होतो, नीलांबरी बाहेर येऊन माझ्यामागे ओढत होती, आणि खालून परीक्षित सुमेधाकाकूला मराठीत जे बोलत होता ते मूळच्या काकूंना ऐकवलं असतं तर नागपूरच्या नातेवाइकांशी संबंध तुटले असते.

दार आम्ही आतून गवताच्या गठ्ठ्यांनी दाबलं आणि वारा पडेपर्यंत मेंढ्यांतच बसून राहिलो. नीलांबरीने परीक्षितचा उघडा पाय आपल्या कोटात घेतला होता. तो मेंढ्या मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने पुन्हा मोजल्या. आकडा बदलला नाही.

"सगळ्या आहेत," तो म्हणाला, एखाद्याने निकाल वाचावा तसा.

नीलांबरीने कोट त्याच्या पायाभोवती आणखी घट्ट गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी समुद्र निर्लज्जासारखा शांत होता. एक बूट कुंपणाच्या दगडांत अडकलेला सापडला, माझा नव्हता. घरात आलो तर दाराजवळची खोली रिकामी. देव स्वयंपाकघरात, फ्रिजवर गेले होते. नीलांबरीने सकाळी स्वतः उचलून नेले होते आणि त्याबद्दल तिला चर्चा नको होती.

परीक्षित लंगडत फळ्या घेऊन आला आणि त्या खोलीत बुटांचा रॅक करायला बसला. खिळे जवळ पडले होते, तरी तो स्क्रू मारत होता. मी त्याला विचारलं, मॅनेजरला काय सांगणार? तो म्हणाला, फळी तिरकी जातेय, ती लेव्हल दे.

नीलांबरी दारात उभी राहून बघत होती.

"किती कप्पे करतोयस?"

"चार."

"आपण दोघंच आहोत."

"पाहुणे येतात ना," परीक्षित म्हणाला आणि त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. एर्लची बोट येईपर्यंत मी पिशव्यांतच होतो.

"येत नाहीत," मी म्हटलं.

त्याने चौथा कप्पा तरीही बसवला.